चोविसावा वाटा

सोमवार, ४ ऑक्टोबर २००४

पोचले एकदाची निल्सन कूलीला! कॅलगरीहून साडेचार तास गाडी हाकली. शेवटचे चाळीस किलोमीटर डोळ्यांना गाईंशिवाय दुसरं काही दिसलं नाही. दीड वर्षापूर्वी त्या एका गाईत मेंदू पोखरणारा वेड्या गाईचा रोग निघाला, अमेरिकेने सीमा बंद केली, आणि तेव्हापासून जनावर विकायला जागा नाही. तीन गाई पोसतील एवढ्या कुरणात तीस उभ्या आहेत. त्यांच्याकडे बघून मला खरं तर वाईट वाटायला हवं, पण ऊन छान होतं, आणि नवं घर मिळाल्याचा आनंद सत्तेचाळिसाव्या वर्षीही होतोच.

घर लहान आहे. दोन खोल्या, लोखंडी शेगडी, स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळा रस्ता दिसतो. मालकीण अगाथा शेजारीच राहते. साठीची, बारीक, हळू बोलणारी. तिने आधीच शेगडी पेटवून ठेवली होती. फ्रीजरमध्ये तपकिरी कागदात बांधलेलं मांसाचं पुडकं होतं, त्यावर पेन्सिलने २४ असं लिहिलेलं. विचारलं तर म्हणाली, अहो, तुमचा वाटा आहे तो. या गावात चोवीस घरं आहेत. दर शुक्रवारी एकेका घराचं जनावर कापतात आणि त्याचे चोवीस वाटे करतात. कुणाला काय जाणार ते फळ्यावर लिहिलेलं असतं. या आठवड्यात मांडी मिळाली तर पुढच्या आठवड्यात बरगड्या, त्यापुढे मान, म्हणजे वर्षभरात सगळ्यांच्या ताटात अख्खी गाय येते, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. फ्रीज नव्हते तेव्हा सगळीकडे हीच पद्धत होती म्हणे, आता फक्त यांच्याकडे उरली आहे. सरकारी निरीक्षकाचं, म्हणजे माझं, घर नंबर चोवीस. पणजोबांच्या वेळचा क्रम आहे, तो मोडायचा नाही.

मला काय, फुकटची मेजवानी!

गाव टापटीप आहे. घराघरांमधून कमरेइतक्या उंचीवर दोर बांधलेले आहेत, हिमवादळात वाट चुकू नये म्हणून. पेले, ताटल्या सगळ्या पत्र्याच्या, सहलीला गेल्यासारखं वाटतं. मी माझा चिनीमातीचा मग काढला तर अगाथा त्याच्याकडे पाहुणा बघावा तशी बघत राहिली.

रात्री ट्रूडीला फोन केला. पोरीला सहावा महिना लागलाय. तिचा तो हिरो तर जुलैमध्येच पळाला. आता काय ते आम्ही दोघीच.

शुक्रवार, ८ ऑक्टोबर

आज वाट्याच्या शेडमध्ये गेले. सगळं गाव हजर. हाल्वर मोएन हा म्हातारा या सगळ्याचा कारभारी, सहा फूट उंच, भुवया पांढऱ्या, आवाज मात्र हळू. माझी ओळख करून दिली तशी एक बाई म्हणाली, आली बरं का चमचेवाली! सगळे हसले. मीही हसले, कारण खोटं काय त्यात? माझं कामच ते. अडीच वर्षांपुढचं जनावर मेलं, कोसळलं किंवा वेडंवाकडं चालायला लागलं की मालकाने मला फोन करायचा. मी जाऊन मुंडकं वेगळं करते, कवटीच्या मागच्या भोकातून लांब दांड्याचा चमचा आत घालते, अर्धा वळसा देते आणि मेंदूचा देठ बाहेर काढते. बोटाएवढा तुकडा. तो बाटलीत, बाटली बर्फाच्या डब्यात, डबा शनिवारच्या बसने शहरातल्या प्रयोगशाळेत.

हाल्वर म्हणाला, सरकार आमच्या गाईंच्या डोक्यात बघतंय ते ठीक आहे, स्वतःच्या डोक्यात कधी बघणार तेवढं विचारून सांगा. मी म्हटलं, तिथे चमचा घातला तर रिकामाच बाहेर येईल. यावर कुणी हसलं नाही. विनोद फक्त त्यांनीच करायचा असतो, हे मला तिथे कळलं.

फळ्यावर चोवीसपुढे बरगड्या होत्या. मी एकटी किती खाणार? निम्म्या बांधून मिल्बर्नच्या दुकानातून बसने ट्रूडीला पाठवल्या. मिल्बर्न म्हणजे दुकान, टपाल आणि बसचं पार्सल, सगळं एकच माणूस. सोबत चिठ्ठी लिहिली: दोन जिवांची आहेस, पाव-चीज खाऊन दिवस काढू नकोस. दर शनिवारी पाठवीन. रक्त वाढेल.

गुरुवार, १४ ऑक्टोबर

दहा दिवसांत एक फोन नाही. या खोऱ्यात तीन हजार गाई आहेत. वर्षाला शंभरात एक-दोन तरी मरतातच, हे शाळकरी पोरही सांगेल. मग यांची जनावरं काय अमर आहेत?

गाडी काढून घरोघर गेले. पहिल्या घरी दार उघडलंच नाही, पडदा मात्र हलला. दुसऱ्या घरी म्हणाले, आमच्याकडे सगळं ठीक आहे, तुमच्याकडे काही कमी आहे का? तिसऱ्या घरची म्हातारी फाटकातूनच पुटपुटली: तुमच्यासारखीच एक बाई पलीकडच्या खोऱ्यात आली होती, तिने एका गाईत काहीतरी शोधलं, आणि चारशे जनावरं एका दिवसात मारली. मालक नंतर गोठ्याच्या तुळईला लटकला. तुम्हाला झोप येते का हो बाई? परतले तर गाडीच्या काचेवर शेण थापलेलं.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, तुमच्या आधी ऑर्व्हल टीग अकरा वर्षं तिथे होता, त्याचा एकही नमुना वाईट आला नाही. स्वच्छ भाग आहे, उगाच नसती उठाठेव करू नका. ऑर्व्हल कुठे असतो विचारलं, तर म्हणे तब्येतीच्या कारणाने सोडून गेला, पत्ता नाही. मी म्हटलं, निदान ठरलेल्या नमुन्यांचा आकडा तरी भरू द्या, तर मी दाराबाहेर पडायच्या आधी हे बोलणं गावभर झालेलं. संध्याकाळपर्यंत तीन फोन आले!

बुधवार, २० ऑक्टोबर

तीन जनावरं, तिन्हींचे पाय मोडलेले. तरणीताठी, डोळे स्वच्छ. मला दाखवायला मुद्दाम निवडल्यासारखी. नमुने पाठवले, निकाल आज आले: निर्दोष. हाल्वरने रस्त्यात टोपी काढून अभिनंदन केलं. तोंडात मारल्यासारखं वाटलं.

हे गाव किती शांत आहे! आधी आवडलं होतं. आज लक्षात आलं, चर्चला घंटाच नाही, नुसता मनोरा आहे. मिल्बर्नच्या दारावरची घुंगरी काढून टाकलेली, खिळा तेवढा उरलाय. कुत्रं एकही नाही. दुकानात माझ्या हातून डबा पडला तर सातच्या सात गिऱ्हाईकं अशी दचकली की एक बाई खालीच बसली. मी माफी मागितली.

सकाळी माझा मग फुटला. धरला होता नीट, तरी सुटला. अगाथा लगेच पत्र्याचा पेला घेऊन आली. जणू तयारच ठेवला होता.

तिच्या माडीच्या खिडकीत एक माणूस बसलेला असतो. भाऊ आहे म्हणे, अंगावरून वारं गेलंय.

गुरुवार, २८ ऑक्टोबर

मंगळवारी मोएनच्या कुंपणाशी एक गाय पाहिली. काळी, डाव्या डोळ्याभोवती पांढरा डाग. पुढचे पाय नीट, मागचे मात्र दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे उंच उचलून टाकत होती. मी गाडीचं दार लावलं, त्या आवाजासरशी ती थरथरली, घसरली, पडली. उठायला चार वेळा धडपडली. जीभ सारखी नाकपुडीत.

अशी गाय मी आजवर फक्त शिकवणीच्या फिल्ममध्ये पाहिली होती.

हाल्वर कुठूनसा आला. त्याला म्हटलं, ही माझी आहे, कायद्याने. तो म्हणाला, बाई, तिला गवत बाधलंय, दोन दिवसांत उड्या मारील, या की परवा. आज गेले तर गाय नव्हती. खड्डाही नव्हता. मेलेली जनावरं उचलणारी गाडी येते, तिच्या ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, निल्सन कूलीत वर्षानुवर्षं बोलावणंच नाही.

शुक्रवार, २९ ऑक्टोबर

फळ्यावर आज चोवीसपुढे लिहिलं होतं: मुंडकं.

शेडमध्ये कुजबूज चालली होती. मिल्बर्न म्हणत होता, निदान या वेळी तरी पुढचा वाटा देऊ हिला. हाल्वर म्हणाला, माझ्या बापाच्या मयतीच्या दिवशीही क्रम मोडला नव्हता, आज एका चमच्यासाठी मोडू? ज्याचं त्याला जाईल. आणि त्याने स्वतः ते पोतं माझ्या गाडीत ठेवलं. त्याच्या हाताला कंप होता. थंडीचा असेल.

घरी येऊन उघडलं. कातडी सोललेली, कानातला बिल्ला कापलेला. पण सोलताना कुणाचा तरी हात सुटला असावा, डाव्या डोळ्याभोवती बोटभर कातडी राहिली होती. पांढरी.

म्हणजे ती वाट्यात गेली. म्हणजे सगळ्या आजारी गाई वाट्यातच जातात. अकरा वर्षं — त्याहून जास्त —

मेंदूचा देठ काढला. उभा चिरून दोन भाग केले. एक बसने जाईल. दुसरा बाटलीत घालून ओट्सच्या डब्यात लपवला.

मी या महिन्यात काय काय खाल्लं ते आठवते आहे. शुक्रवारी बरगड्या. मग मान. मग खुरांचं सूप. सांधे धरून शिजवलेलं, चविष्ट. शिजवल्याने हा रोग मरत नाही. उकळल्याने नाही, भाजल्याने नाही. देवा! आणि ट्रूडी. तीन शनिवार. तीन पुडकी.

शरीरात वर्षानुवर्षं झोपून राहतो तो. वर्षं लागतात. पुस्तकात असंच आहे. मुळात त्या आधीच्या गाई कदाचित चांगल्याही असतील.

ट्रूडीचा फोन लागला. काय बोलायचं? आधी निकाल येऊ दे. म्हटलं, या आठवड्यात पुडकं नाही गं. ती हसून म्हणाली, आई, काळजी नको, शेवटचं पुरवून पुरवून खातेय, बाळ तर ते खाल्लं की लाथा मारतं. आणि म्हणाली, सहा तारखेला चर्चमध्ये गावजेवण आहे म्हणाली होतीस ना, त्याला मी येणारच. मी नको म्हटलं. कारण विचारलं तर सांगता येईना. भित्री! आयुष्यभर दुसऱ्यांना तोडून बोलणारी मी, पोटच्या पोरीला चार शब्द सांगू शकले नाही.

बुधवार, ३ नोव्हेंबर

निकाल: निर्दोष.

मी प्रयोगशाळेत फोन केला. तिथली बाई म्हणाली, तुकडा फारच लहान होता हो, मोठी गाय म्हणून लिहिलंत, पण हे तर वासराचं दिसतं.

दुकानात गेले. मिल्बर्न म्हणाला, माझ्याने जिना उतरवत नाही, तुमचं पार्सल तळघरात आहे, तुम्हीच आणा. खाली गेले. पार्सल बटाट्यांमागे होतं. आणि त्यामागे फळ्यांवर बाटल्या होत्या. माझ्या चार. ऑर्व्हलच्या नावाची चिठ्ठी लावलेल्या — दोनशे? तीनशे? औषधाच्या पाण्यात राखाडी तुकडे. आम्ही काढलेलं सगळं इथेच राहिलं, शहरात वासरांचं गेलं.

वर येऊन विचारलं, हे ठेवलेत कशाला? तो बिचारा गोंधळला. म्हणाला, सरकारी माल आहे ना बाई, फेकणं गुन्हा आहे.

घरी आले तर फोन बंद. बर्फाने तार तुटली म्हणे. बर्फ अजून पडलाही नव्हता.

गुरुवार, ४ नोव्हेंबर

अगाथाच्या माडीवर गेले. ती बाहेर होती.

खिडकीतला माणूस मान वळवू शकत नाही. समोर पत्र्याचा पेला, त्यात चमचा. तो चमचा आत सरकवत होता, मनगटाला अर्धा वळसा, बाहेर. पुन्हा आत, अर्धा वळसा, बाहेर. साखर ढवळताना असा हात कुणी फिरवत नाही. असा हात फक्त आमचा फिरतो.

मी ऑर्व्हल म्हटलं. त्याचे डोळे आले माझ्याकडे, बाकी काही नाही. मग रडला. आवाज न करता.

दारात अगाथा उभी होती. म्हणाली, त्यानेही एकदा गाडी काढली होती हो, बाटली घेऊन. मग आठवलं त्याला, आपणही जेवलोय. कुठे जाणार होता? इथे त्याला भरवायला कुणीतरी आहे. तुम्हालाही कुणी भरवेल. मी भरवीन.

ती हे सगळं प्रेमाने म्हणाली. म्हणून तर —

खाली उतरून मागे पाहिलं. ती दोर धरून मागोमाग आली होती. वारा नव्हता. वादळ नव्हतं. मिल्बर्नही धरतो. हाल्वरही. हे दोर हिवाळ्यासाठी नाहीत.

शुक्रवार, ५ नोव्हेंबर

पहाटे बर्फ. ओट्सचा डबा घेऊन निघाले, शहरात स्वतः नेऊन देणार होते. तीन किलोमीटरवर रस्ता बुजलेला. बर्फ काढायचं यंत्र हाल्वरच्या पुतण्याचं. बिघडलंय म्हणे.

परतले. हाल्वर दारात. बसायचं म्हणाला, मी बसवलं नाही. उभ्या उभ्या बोलला. खड्डा दिसतो बाई, पोट दिसत नाही. चोवीस घरांनी एक गाय खाल्ली की तिचा मागमूस राहत नाही. आमच्या आज्यांनी पडलेलं जनावर खाल्लं, काय झालं त्यांना? तुम्ही बाटली पाठवलीत तर हे गाव जाईल, आणि मिळणार काय तुम्हाला? तुमच्या लेकीला बाळंतपणाला कोण दवाखाना हात लावील, ती काय खाऊन बसलीय हे कळल्यावर? तोंड मिटा. आम्ही सगळे एकाच ताटातले.

त्याला ट्रूडीचं कसं ठाऊक?

म्हणाला, दुकानात फोन आला होता तिचा. उद्याच्या बसने येतेय. गोड पोरगी आहे. रस्ता उद्या साफ होईल.

मी त्याच्या तोंडावर दार आपटलं. आवाजाने तो पायरीवरून पडला. मला बरं वाटलं. तो उठेपर्यंत बघत राहिले, आणि तो चार वेळा धडपडला.

शनिवार, ६ नोव्हेंबर. सकाळी १०

रस्ता साफ केलाय. माझ्या गाडीची चारही चाकं बसलेली. दाराला आतून टेबल लावलंय. बस बारा वाजता. थांब्यावर आधी पोचायचं, तिला उतरूच द्यायचं नाही, बाटली तिच्या हाती, त्याच बसने परत.

११.३०

बाहेर पडता येत नाही. पायरीपासून रस्त्यापर्यंत सगळे उभे आहेत. दोर धरून. काही करत नाहीत. नुसते उभे.

ओरडले. सगळे दचकले. हलले नाहीत.

१२.१०

बस आली. निळा कोट, तीच. हाल्वरने बॅग घेतली. चर्चकडे नेतायत. काच फोडून हाका मारल्या — वारा उलटा. तिने हात हलवला. हसली.

१.१५

लिहीत राहिलं तर डोकं ठिकाणावर राहतं. तासभर झाला. चर्चच्या तळघरात जेवण चालू. वास इथवर येतोय. चांगला वास. तोंडाला पाणी सुटलं, मेली जीभ —

पाच आठवड्यांत काही होत नाही. वर्षं लागतात. पुस्तकात —

१.३०

येतेय. अगाथा ताट घेऊन पुढे, ती मागे. गर्दी बाजूला झाली. म्हणतेय, आई, दार उघड, काय वेडेपणा हा, किती चांगली माणसं आहेत. म्हणतेय, फळ्यावर चोवीसपुढे आता माझंही नाव लिहिलंय त्यांनी, बाळंतपण इथेच कर म्हणतात.

टेबल सरकवलं. बाटली खिशात. दार उघडते, तिला आत ओढते, मग बघू —

ती पायरीशी थांबलीय. ऊन आहे. वाट कोरडी, झाडलेली. दोन्ही हातांनी दोर धरलाय तिने. ट्रूडी, पोट जड झालंय म्हणूनच ना — सोड तो. एकच पाऊल आहे, सोड. अगं पाय असा उंच का टाक